जुन्या दवाखान्याची दगडी कचेरी: दरजा चुन्यात की सिमेंटात?

सोलापुरातल्या ब्रिटिशकालीन दगडी कचेऱ्यांची डागडुजी निघाली की वाद ठरलेला: दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याने भरायच्या की सिमेंटने?

सिमेंट झटपट आणि गवंडीही लगेच मिळतो. पण ते ओल कोंडून धरतं. आतला गिलावा फुगतो, क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड सुटते आणि कपाटातले जुने केसपेपर दमट होतात. उन्हाने भिंत तापली-निवली की ताठर सिमेंट दगडापासून सुटतं. त्या बारीक फटीतून पावसाचं पाणी आत.

चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, थोडं सरकूनही घेतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश घट्ट होतो, म्हणून ओलं गोणपाट लावून जपावा लागतो. जाणता कारागीर मिळणं अवघड, हे खरंच. तरी माझं मत चुन्यालाच. काम मात्र दिवाळीनंतर काढा. चाळीस अंशांच्या उन्हात चुना नीट धरण्याआधीच वाळतो.