थरथरणारी जॉयस्टिक: डेडझोन की हॉल सेन्सर?

डीसीएस या विमान उडवायच्या गेममध्ये स्टिकला हात न लावता विमान कलतंय? आधी अ‍ॅक्सिस असाइन बघा, म्हणजे कोणत्या उपकरणाला विमानाची कोणती हालचाल दिलीय ते. पेडल किंवा थ्रॉटल जोडला की गेम त्यालाही आपणहून पिच-रोल (नाक वर-खाली, पंख डावीकडे-उजवीकडे) देऊन टाकतो, आणि बोल लागतो स्टिकला. ते ठीक असेल तर दोन वाटा: डेडझोन लावा, नाहीतर हॉल सेन्सरची स्टिक घ्या.

डेडझोन, म्हणजे मध्याजवळची गेमने दुर्लक्ष करायची हालचाल, फुकट; अ‍ॅक्सिस ट्यूनमध्ये दोन-तीन टक्के पुरे. पण मध्यावरची बारीक हालचाल मरते, आणि टँकर विमानामागे हवेतच इंधन भरताना तीच तर लागते. स्टिक वळवल्यावरचे झटके तसेच राहतात.

साध्या स्टिकमध्ये हालचाल मोजतो पोटेन्शिओमीटर; त्यात पट्टीवर घासणारा संपर्क झिजतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या, धुळीची भर वेगळीच. हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, घासायला काही नाहीच. अशी स्टिक महाग पडते खरी. टँकरच्या नादी लागला नसाल तर डेडझोनवर भागवा.