स्वतः बांधलेला सीएनसी राउटर : आठ महिन्यांनंतर

पहिल्या दिवशी मशीनला, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड कापणाऱ्या राउटरला, वर्तुळ कापायला सांगितलं आणि त्याने अंडं कापलं. तेही तिरकं, पंचेचाळीस अंशांत कललेलं. तेव्हा नुसती चिडचिड झाली. पुढे कळलं की ते अंडंच दुखणं सांगत होतं. वर्तुळ एक्स किंवा वाय अक्षाच्या दिशेने लांबट आलं, तर त्या अक्षाचं माप चुकलंय. चार बाजूंना चपटं झालं, तर बॅकलॅश आहे, म्हणजे स्क्रू आणि नटमध्ये फट आहे. तिरकं ताणलं गेलं, तर गॅन्ट्री, म्हणजे राउटर धरणारा आडवा पूल, काटकोनात नाही. माझं तिसरं होतं. 300 मिमीचा चौरस कापून दोन्ही कर्ण मोजले, तर फरक जवळजवळ दोन मिमी! गुण्या लावून जुळवलं होतं, तरीही. गुण्या लहान पडतो, कर्ण खोटं बोलत नाहीत.

अगदी नवख्यांसाठी थोडक्यात: सुतार हातात धरतो तोच राउटर इथे तीन अक्षांवर बसवलेला असतो आणि त्याला मोटारी फिरवतात. आपण चित्र काढायचं, कॅम सॉफ्टवेअर त्यातून बिटचा (कापणाऱ्या पात्याचा) मार्ग आखून जी-कोड, म्हणजे हालचालींच्या सूचना, देतं. माझ्याकडे आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर चालतं. ते कोडचे विजेचे स्पंद करून मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरला पाठवतं आणि स्टेपर मोटर तेवढी पावलं फिरते. एका फेरीत 200 पावलं, ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे आठ भाग), म्हणजे 1600. माझा टी8 लीड स्क्रू एका फेरीत अक्ष 8 मिमी सरकवतो, म्हणून मिलिमीटरला 200 पावलं. इलेक्ट्रॉनिक्सची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. ते दोन संध्याकाळींत उरकलं.

खरा घाम काढला तो सांगाड्याने. मी सुरुवातीला फक्त टोकांना धरलेले गोल दांडे वापरले होते. दिसायला भक्कम, हाताने दाबले तर हलत नाहीत. पण बिट लाकडात शिरला की मधोमध दांडा वाकायचा आणि खाचेच्या भिंतीवर लाटा उमटायच्या. दांड्याची लांबी दुप्पट केली की वाक आठपट होतो, हे गणित आधी कुणी कानात ओरडून सांगायला हवं होतं. तिसऱ्या महिन्यात सगळं उसवलं, खालून सलग आधार असलेल्या रेल बसवल्या आणि मशीनचा आवाजच बदलला. नव्याने बांधणार असाल तर कापायचं क्षेत्र लहान ठेवा. मोठं टेबल बांधायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला.

दुसरी चूक भीतीपोटी. बिट मोडेल म्हणून मी फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला 400 मिमी ठेवायचो, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) मिनिटाला 18,000 फेऱ्यांवर. दोन धारांच्या बिटला प्रत्येक धारेमागे जेमतेम 0.011 मिमी लाकूड मिळायचं. म्हणजे बिट कापत नव्हता, घासत होता. प्लायवूड काळं पडायचं, खोलीभर जळका वास. आता त्याच फेऱ्यांना मिनिटाला 1800 मिमी देतो, कापाची खोली मात्र कमी ठेवतो. पिठासारखी पूड पडायची, आता हातात धरता येतील अशा बारीक ढलप्या पडतात. एमडीएफ मात्र कसंही कापा, पूडच. मास्क आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम यांना पर्याय नाही.

व्हॅक्यूमवरून आठवलं. तो सुरू केला की काम मधेच थांबायचं, पडद्यावर ‘अलार्म 1’. त्याचा अर्थ लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारा) दाबला गेला, आणि स्विच तर हातभर लांब! आठवडाभर मी स्विच बदलत बसलो. दोष तारांचा होता: मोटारीच्या तारांना खेटून नेलेल्या स्विचच्या तारा विजेची खरखर पकडत होत्या. शिल्डेड तार टाकली, रस्ता वेगळा केला, मिटलं.

एक गोष्ट अजून खुपते. पाऊल चुकलं तर या मशीनला पत्ताच लागत नाही. एकदा बिट गाठीत अडकला, मोटर घरघरली, आणि पुढचं सगळं नक्षीकाम तीन मिमी बाजूला सरकून, अगदी शांतपणे पूर्ण झालं. तेव्हापासून मशीन चालू असताना मी खोली सोडत नाही.

तुकडा धरून ठेवायला क्लॅम्पपेक्षा मला एक युक्ती आवडते: टेबलावर मास्किंग टेप, तुकड्याच्या पाठीवर मास्किंग टेप, मधे सुपरग्लू. बिट क्लॅम्पवर आदळायची भीती नाही आणि पातळ प्लायवूड मधेच उचललं जात नाही. वरची कड फाटत असेल तर डाउनकट (खालच्या दिशेने कापणारा) बिट घ्या, पण तो भुसा खाचेतच दाबतो, हे धरून चाला.

आता राहिलाय झेड अक्ष. 8 मिमी सरकणारा स्क्रू उभ्या अक्षाला नको होता. वीज बंद केली की स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली घसरतो आणि बिट टेबलावर टोचतो. फेरीला दोन मिमी सरकणारा स्क्रू आणून ठेवलाय, बसवायला मुहूर्त लागत नाही. तोवर बटण बंद करण्याआधी स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा सरकवतो. विसरलो त्या दिवसांची भोकं टेबलावर आहेत, काल मोजली, अकरा निघाली.