केदारकंठा की दयारा बुग्याल? बर्फातला पहिला ट्रेक ठरवताना

बर्फातला पहिला ट्रेक म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ग्रुपमध्ये सगळ्यात आधी उत्तराखंडातल्या केदारकंठाचं नाव निघतं. त्याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्यालचं नाव मात्र क्वचितच कोणी काढतं. दोन्ही ट्रेक नवख्यांना जमण्यासारखे आहेत, दोन्हींना देहरादूनहून देहरादूनपर्यंत साधारण सहा दिवस लागतात. तरी माझं मत आधीच सांगते: बर्फात कधीच चाललेला नसाल तर दयारा.

आधी आपल्या तयारीबद्दल. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचे पाय चढाला सरावलेले असतात, तो फायदा हिमालयातही होतोच. पण कळसूबाई १,६४६ मीटर, आणि केदारकंठाच्या पायथ्याचं सांकरी गाव त्याहून उंच, १,९०० मीटरच्या वर. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यालाही विरळ हवेचा अनुभव नसतो, आणि शून्याखालच्या थंडीत तंबूत झोपण्याचा तर नसतोच. ट्रेक निवडताना खरा विचार या दोन गोष्टींचा करायचा.

केदारकंठा म्हणजे शिखर, १२,५०० फूट (सुमारे ३,८०० मीटर). जुडा का तालावच्या कॅम्पपर्यंतची वाट देवदार-पाइनच्या जंगलातून जाते आणि फार सुंदर आहे. कस लागतो तो शिखराच्या दिवशी. रात्री दोन-तीनला उठायचं, गोठलेले बूट कसेबसे पायात चढवायचे आणि हेडटॉर्चच्या उजेडात निघायचं. शेवटचा टप्पा उभा आहे. गर्दीच्या दिवसांत तिथे रांग लागते, आणि थंडीत चालण्यापेक्षा थांबणं जास्त त्रासाचं. दहा मिनिटं उभं राहिलं की पायाची बोटं बधिर व्हायला लागतात. शेकडो बुटांखाली दबून वाटेवरचा बर्फ काचेसारखा कडक झालेला असतो, त्यामुळे मायक्रोस्पाइक्सशिवाय (बुटांवर चढवायच्या टोकदार साखळ्या) पाऊल टाकू नये. उतरताना टाच रोवत उतरायचं, गुडघे किंचित वाकवून. घाबरून मागे रेललात की घसरलातच. वर पोचल्यावर मात्र स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग समोर उभे असतात, आणि शिखर गाठल्याचा आनंद वेगळाच असतो. तो हवाच असेल, रोजचं धावणं, जिने चढणं दोन महिने नेमाने केलेलं असेल, तर केदारकंठाला जरूर जा. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळा.

दयारा हे शिखर नाही. ते डोंगरमाथ्यावर पसरलेलं विस्तीर्ण कुरण आहे. तिथल्या भाषेत बुग्याल. गंगोत्रीच्या रस्त्याला भटवाडीवरून रैथल गावात पोचायचं, तिथून बांज (ओक) आणि बुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉन) जंगलातून वर चढायचं. जंगल संपतं आणि एकदम मोकळा पांढरा उतार समोर येतो. सर्वात उंच जागा सुमारे १२,००० फुटांवर आहे, म्हणजे उंचीत फार फरक नाही. फरक उताराचा आहे. कुरणाच्या काठावर पोचलात तरी दयारा पाहिलं असंच म्हणायचं. बंदरपूंछ आणि श्रीकंठ तिथूनही दिसतात, आणि दमलात, डोकं जड वाटलं, तर तिथूनच परत फिरता येतं, हुरहुर न लागता. पहिल्या ट्रेकला ही मोकळीक फार मोलाची आहे. केदारकंठाला शिखर डोळ्यांसमोर असताना मागे फिरायचा निर्णय घेणं नवख्याला फार कठीण जातं, आणि उंचीचा त्रास बहुतेकदा तिथेच वाढतो.

दयाराची एक अडचण आहे. माणसं कमी, त्यामुळे ताज्या हिमवर्षावानंतर वाट मळलेली नसते. गुडघाभर भुसभुशीत बर्फात पाय उपसत चालावं लागतं, तासाभराच्या वाटेला दोन तास लागतात. गेटर्स (बुटापासून पोटरीपर्यंतचं आवरण) नसतील तर बर्फ बुटात शिरतो आणि मोजे भिजले की दिवस वाया.

प्रवास दोन्हीकडचा लांबच. देहरादून ते सांकरी सुमारे २०० किमी, गाडीने आठ-दहा तास. रैथल त्याहून थोडं जवळ. घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी आदल्या दिवशीच विकत घेऊन ठेवावी.

तिसरं नाव ब्रह्मतालचं. चमोली जिल्ह्यातल्या लोहाजंगहून वर गेलं की त्रिशूल आणि नंदा घुंटी अगदी जवळ वाटतात. दृश्य या तिघांत मला तिथलंच जास्त आवडतं. पण प्रवास आणखी लांबचा आणि माथ्यावर वारा झोंबणारा, म्हणून तो दुसऱ्या ट्रेकसाठी राखून ठेवा.

तारखेचं म्हणाल तर बर्फ पश्चिमी प्रक्षोभांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानावर, अवलंबून असतो. डिसेंबरात तो कधी भरपूर, कधी नावालाच. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ जास्त भरवशाचा, आणि गर्दीही ओसरलेली असते. सुती कपडे घरीच ठेवा, घामाने ओले झाले की वाळत नाहीत. गॉगल मात्र विसरू नका. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे सुजतात.

पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढं विचारा: वरच्या कॅम्पवर कोणाचं डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर रात्री खाली कोण नेतं आणि कॅम्पवर ऑक्सिजन सिलिंडर असतो का? उत्तर नेमकं असायला हवं. ‘थोडं दुखतंच, होईल बरं’ असं कोणी म्हणालं तर दुसरा आयोजक शोधा.