भिंत पाडून जाळीचं कुंपण: एक पावसाळा काढल्यावर

गेल्या आठवड्यात एक भटकं कुत्रं जाळीखालून आत शिरलं आणि मेथीचा अख्खा वाफा उकरून गेलं, म्हणून हे लिहितोय. नाहीतर माझी फारशी तक्रार नव्हती.

साताऱ्यातलं आमचं जुनं घर. बोळाच्या बाजूची कंपाउंड वॉल साठ फूट लांब, पाच फूट उंच, नऊ इंची, भेग पडलेली आणि बोळाकडे कललेली. 2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जण गेले, तेव्हापासून दर पावसाळ्यात माझा जीव त्या भेगेत. बोळातून शाळेची पोरं जातात. शेवटी यंदा मार्चमध्ये पाडायला काढली.

एकाने जेसीबीचे नऊ हजार सांगितले, 'अर्ध्या दिवसात साफ', पण राडारोडा वेगळा. दुसऱ्याने हाताने पाडायचे सोळा हजार, उक्तं काम, पाया उकरून माल उचलण्यासकट. सोळा ऐकून मी चहासुद्धा विचारला नाही. मग कागद घेतला. 60 × 5 × पाऊण फूट म्हणजे 225 घनफूट, सव्वादोन ब्रास. पाडल्यावर माल फुगतो, तीन-साडेतीन ब्रास धरा. वजन बारा टनांच्या घरात. ट्रॉल्या आणि त्या भरायची मजुरी मिळवली, तर जेसीबीवाल्याचं स्वस्त काही स्वस्त राहत नव्हतं. त्यात भिंतीला लागून नळाची लाइन आणि बोअरच्या मोटरची केबल. सोळावाल्यालाच बोलावलं.

पाडकामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. मुकादमाने आधी मोटरची लाइन मेनवरून बंद करून घेतली, बोळाच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधून एक माणूस उभा केला. मग वरून एकेक थर. कललेल्या बाजूला कुणी थांबायचं नाही, आणि निघालेल्या विटा उभ्या भिंतीला टेकवून रचायच्या नाहीत. एका पोराने लवकर उरकायला म्हणून पायाशी पहार घातली, तर म्हातारा मुकादम कडाडला, "भिंत तुला विचारून पडणार आहे का रे?" खालचं बांधकाम चुन्यातलं, त्यामुळे विटा सुट्या निघाल्या. त्या मागच्या पायवाटेला लागल्या. वरचे डागडुजीचे सिमेंटमधले थर मात्र नुसता चुरा.

कुंपणाचं काम त्याच ठेकेदाराचं. दहा गेज जीआय (जस्त चढवलेली) जाळी, 40 × 40 × 5 मिमीचे लोखंडी अँगल आठ-आठ फुटांवर, काँक्रीटमध्ये. जाळी बारा गेजची, म्हणजे बारीक तारेची, मारली असणार अशी मला खात्रीच होती. बारा गेजमध्ये वजन तिसऱ्या हिश्श्याने कमी भरतं, तिथेच पैसे खातात. पुतण्याकडून व्हर्नियर आणून मोजली. 3.2 मिमी! बारा गेज असती तर 2.6 च्या आसपास आली असती. तेव्हा इथे माणूस सरळ निघाला, मी उगाच आठवडाभर तोंड वाकडं करून हिंडलो. शिवाय भिंतीला अडून अंगणात पाणी तुंबायचं ते थांबलं, आणि ओट्यावर संध्याकाळी वारा येतो. वाळत घातलेले कपडे बोळातून दिसतात, त्यावर गोकर्ण चढवलाय.

आता खालची तार, म्हणजे जाळी ताणून धरायला आडवी लावतात ती. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, 'ताणाची तार, तीन ओळी'. लावल्या दोन, वर आणि मधे. खालच्या ओळीला जाळी नुसती लोंबते. पायाने उचलली तर वीतभर वर येते. साठ फूट तार, किलो-दोन किलोचा मामला. दोनशे रुपयांचा माल! एवढं सगळं करणाऱ्या माणसाने तिथे हात आखडावा? फोन केला तर म्हणतो, "काका, वेल आलाय ना, आता दिसतंय कुणाला?" कुत्र्याला दिसतंय ना. सध्या तिथे त्याच जुन्या विटांची रांग लावून भागवलंय, तर घुशीने तिच्याखाली बीळ केलं.

दुसऱ्यांदा फोन केल्यावर "दिवाळीनंतर माणूस पाठवतो" म्हणाला. बिलातले शेवटचे दोन हजार मी अजून दिलेले नाहीत, हेही त्याला सांगितलं. मग दिवाळीनंतरचं परवावर आलं.