रिमोट डेस्कटॉपची जोडणी दुरुस्त करताना गेलेले ९८,५०० रुपये

मी खानापुरात राहतो आणि बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान कारखान्याचे हिशेब लिहितो. गेली चार वर्षे आठवड्यातून तीन दिवस मी घरूनच काम करतो. कारखान्यातील संगणकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. घरच्या लॅपटॉपवरून आधी व्हीपीएन, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, जोडायचे आणि मग विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकात शिरायचे, अशी व्यवस्था ओळखीतल्या एका माहीतगार मुलाने करून दिली होती. ती आतून कशी चालते हे मी त्याला कधीच विचारले नाही, आणि फसवणाऱ्यांना माझ्या घरात शिरायला वाट मिळाली ती या अज्ञानातूनच. म्हणून तांत्रिक बाजूही येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट. ९ तारखेच्या रात्री मुसळधार पाऊस होता आणि वीज चार-पाच वेळा गेली-आली. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र, भरण्याची मुदत ११ तारखेला संपते, त्यामुळे १० तारखेला सकाळी नऊलाच मी लॅपटॉप उघडला. व्हीपीएन जोडले गेले, पण रिमोट डेस्कटॉप काही जोडेना. दूरचा संगणक प्रवेश देत नसेल, बंद असेल किंवा नेटवर्कवर नसेल, अशी तीन कारणे सांगणारी तीच ती सूचना पुन्हा पुन्हा येत होती. कारखान्यात फोन केला तेव्हा तेथील मुलगा म्हणाला, "मशीन चालूच आहे की हो, दिवा लागलाय बघा." व्यवस्था लावून देणारा मुलगा त्या दिवशी फोन उचलत नव्हता. तासभर खटपट करून मी कंटाळलो आणि इंटरनेटवर रिमोट डेस्कटॉपचा मदत क्रमांक शोधला.

सर्वांत वर एक जाहिरात होती आणि तिच्यात मोबाइलसारखा दहा आकडी क्रमांक होता. खऱ्या कंपनीचा मदत कक्ष असा क्रमांक कशाला देईल, ही शंका मला तेव्हा आली नाही, हे कबूल करतो. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत, अदबीने, प्रत्येक वाक्याला 'सर' लावून बोलत होता. त्याने माझी तक्रार पूर्ण ऐकून घेतली आणि एक तक्रार क्रमांकही लिहून घ्यायला लावला. त्या क्रमांकामुळेच माझा विश्वास बसला असावा. मग त्याने लॅपटॉपवर दूरनियंत्रणाचे दुसरेच एक सॉफ्टवेअर उतरवायला सांगितले. ते उघडताच नऊ आकडी क्रमांक दिसला. तो मी वाचून दाखवला आणि पडद्यावर आलेल्या प्रश्नाला 'स्वीकारा' म्हटले.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने कोणी आत यायचे म्हटले तर त्याला त्या संगणकाचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागतो. या दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला समोरच्या माणसाचा होकार पुरतो. तोच पडदा, तोच माउस दोघांच्या हाती येतो. सॉफ्टवेअर स्वतः चोर नव्हे, अनेक कार्यालयांत ते रोज वापरले जाते. पण होकार कोणाला दिला यावर सगळे अवलंबून असते.

यानंतर त्याने जे दोन खेळ केले ते नीट सांगतो, कारण ते कोणाच्याही संगणकावर करून दाखवता येतात. पहिल्यांदा त्याने विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडला आणि लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवून विचारले, "सर, इतके बिघाड आहेत, तुम्हाला माहीत होते का?" अशा नोंदी निरोगी संगणकातही शेकड्यांनी साचतात, हे मला नंतर कळले. मग त्याने काळी खिडकी उघडून 'नेटस्टॅट' ही चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. आकड्यांच्या ओळी सरसरत खाली आल्या आणि वर मथळा होता, 'फॉरेन ॲड्रेस'. तो म्हणाला, परदेशातून इतके लोक तुमच्या संगणकात शिरले आहेत, म्हणूनच तुमचा रिमोट बंद पडला आहे. वास्तविक या स्तंभात जोडणीचे दुसरे टोक दाखवलेले असते आणि ते टोक शेजारच्या खोलीतले यंत्रही असू शकते. 'फॉरेन'चा अर्थ 'परदेशी' असा धरून मी मात्र घाबरलो, आणि घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

पुढचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो लिहिताना अजून लाज वाटते. नोंदणीसाठी दहा रुपये कार्डाने भरा, असे त्याने सांगितले. पडताळणीसाठी मोबाइलवरही तसलेच एक ॲप घ्यायला लावले, बोलणे पत्नीच्या फोनवरून चालू ठेवले आणि माझा मोबाइल टेबलावर उलटा ठेवायला सांगितला; पडद्याला बोट लागले तर पडताळणी अडते, असे कारण दिले. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मी लॅपटॉपवर माझ्याच हाताने भरले. मग पडदा काळा झाला आणि 'अद्ययावतीकरण चालू आहे' असा मजकूर आला. पडदा झाकण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम दिलेली असते. उलट्या ठेवलेल्या मोबाइलवर ओटीपी येत होते आणि ते त्याला त्याच्या खुर्चीत बसल्या जागी दिसत होते. मी एकही ओटीपी तोंडाने सांगितला नाही. मोबाइल उचलला तेव्हा ४९,५०० आणि ४९,००० रुपयांचे दोन संदेश येऊन पडले होते.

त्यानंतरची चूक मला पहिल्या चुकीपेक्षा मोठी वाटते. पाऊण तास मी त्याच माणसाशी हुज्जत घालत बसलो, आणि तो "तांत्रिक चुकीने कापले गेले, परत करतो" असे सांगत राहिला. शेवटी शेजारच्या अक्कांनी मोडेमची वायर उपटली आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायला लावले. घटना सांगितली, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक दिले आणि बँकेला कळवून कार्ड बंद केले. दुपारी बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तो कन्नडमध्ये अक्कांनीच लिहून दिला, कारण माझे कन्नड बाजारहाटापुरतेच आहे. पैसे ज्या वॉलेटमध्ये गेले तेथे तोवर ३१,००० रुपये उरले होते आणि ते गोठवले गेले. तो पाऊण तास वाचला असता तर आकडा वेगळा असता, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

बँकेने उरलेल्या रकमेची जबाबदारी नाकारली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा, असा तेव्हा नियम होता. कार्डाचे आकडे मीच भरले होते, तेव्हा वाद घालण्यासारखे फारसे उरले नाही.

संध्याकाळी तो माहीतगार मुलगा आला आणि मूळ बिघाड त्याने दहा मिनिटांत शोधला. वीज गेल्यावर कारखान्यातील राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने तेथील संगणकाला नेटवर्कवरचा नवा पत्ता दिला. माझ्याकडे १९२.१६८.१.१४ लिहिलेले होते आणि संगणक १९२.१६८.१.२३ वर जाऊन बसला होता. सकाळी कारखान्यातील मुलाला 'आयपीकॉन्फिग' ही संगणकाचा पत्ता दाखवणारी आज्ञा लिहून आलेला आकडा वाचायला सांगितले असते, तर सव्वानऊला मी टॅलीत असतो. आता राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता राखून ठेवला आहे. त्याने आणखीही काही सांगितले: 'पिंग'ला, म्हणजे संगणक जागा आहे का हे विचारणाऱ्या आज्ञेला, उत्तर आले नाही म्हणून संगणक बंद आहे असे समजू नये, कारण विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे अडवणारी संरक्षक व्यवस्था, ते बहुधा अडवते; रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो; आणि विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसरीकडे जाता येते, पण तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. यातले काहीही जमले नाही तरी सूचनेत फोन क्रमांक येणार नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या त्रुटीच्या सूचनांमध्ये फोन क्रमांक देत नाही.

मग त्याने माझ्या लॅपटॉपवरची जोडणीची फाइल पाहिली आणि विचारले, "काका, पासवर्ड इथेच साठवलाय?" साठवला होता. व्हीपीएनचाही साठवला होता. तो फसवणारा माणूस जवळजवळ दोन तास या लॅपटॉपवर बसला होता. मी बोलावले त्या कामासाठी त्याने खरोखरच जोडणी दुरुस्त केली असती, तर एका टिचकीत तो कारखान्याच्या टॅलीत आणि मालकांच्या बँक खात्यांच्या कागदांत शिरला असता. पत्ता बदललेला होता म्हणूनच ते घडले नाही.

हे मालकांना सांगायला मी दुसऱ्या दिवशी बसने उद्यमबागेत गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चहा मागवला आणि सगळे पासवर्ड माझ्यासमोर बदलून घेतले. माझा लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकले, कारण त्या सॉफ्टवेअरमध्ये आपला होकार न घेता पुन्हा आत येण्याचा पासवर्ड लावून ठेवता येतो, आणि त्या फसवणाऱ्याने तो लावून ठेवला होता. जीएसटीआर-१ त्याच दिवशी, कारखान्यातल्या खुर्चीवर बसून भरला. गोठवलेले ३१,००० रुपये मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. त्याची पुढची तारीख अजून लागायची आहे.