‘निकोस वेग’: कुडाळात बसून काही महिने जर्मन शिकल्यावर

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत अभ्यासक्रम मी पावसाळ्याच्या आधीपासून वापरत आहे. मी कुडाळच्या एका रुग्णालयात परिचारिका असून जर्मनीतील नोकरीच्या तयारीत आहे, त्यामुळे हा अभिप्राय त्या गरजेतून लिहिलेला आहे.

स्पेनहून जर्मनीत आलेल्या निकोची बॅग विमानतळावरच हरवते आणि अनोळखी माणसांच्या आधाराने तो तिथे रुळत जातो, ही गोष्ट छोट्या चित्रफितींतून पुढे सरकते व सोबत स्वाध्याय येतात. कानाला वळण लागण्यासाठी याहून सोयीचे साधन मला सापडलेले नाही. स्पष्टीकरणे मी इंग्रजीतून वाचते. पण तिथे बोजड वाटणारे व्याकरण मराठीच्या अंगाने घेतले की पुष्कळ सुटते. तीन लिंगे आणि विभक्ती आपल्याला नव्या नाहीत, ‘वाइल’ने (म्हणजे ‘कारण’ने) सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते तसे आपल्याकडे ते एरवीही जातेच, आणि मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ नपुंसकलिंगी कसा, हा प्रश्न मालवणी माणसाला तरी पडू नये, कारण आपले ‘चेडू’ही नपुंसकलिंगीच आहे. टेबल पुल्लिंगी आणि दिवा स्त्रीलिंगी, हे मात्र निमूटपणे पाठ करावे लागते.

व्याकरणापेक्षा जड गेली ती संबोधने. आमच्या वॉर्डात रुग्ण दाखल झाला की तो मामा होतो, ती आजी किंवा मावशी होते, आणि निम्मी भीती त्या हाकेनेच जाते. जर्मनीत अनोळखी प्रौढाला, मग तो विशीतला का असेना, ‘झी’ (आदरार्थी ‘तुम्ही’) म्हणायचे आणि आडनावाआधी ‘हेर’ (श्री) किंवा ‘फ्राउ’ (श्रीमती) लावायचे. ऐंशी वर्षांच्या बाईंना आडनावाने हाक मारणे माझ्या जिभेला अजूनही उर्मटपणाचे वाटते. निकोच्या संवादांत ही रीत सतत कानावर पडते, म्हणून निदान दचकायला होत नाही.

उच्चारांसाठी दुसरे माणूस हवेच. ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणायचे, हे ऐकून कळते, पण आपले बरोबर आले की नाही ते कोणीतरी सांगावे लागते. मी रात्रपाळीतल्या सहकारी मैत्रिणीला रुग्ण करून मोठ्याने सराव करते. शिवाय सगळा कारभार चित्रफितींचा असल्याने मुसळधार पावसात वीज आणि रेंज गेली की अभ्यासही थांबतो.

भाषेच्या पातळ्या ए१ पासून वर चढत जातात; हा अभ्यासक्रम ए१ ते बी१ एवढाच आहे. परिचारिकेला जर्मनीत व्यवसायाच्या मान्यतेसाठी साधारणपणे त्यापुढची बी२ लागते, त्यामुळे पुढच्या पातळीसाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत चौकशी करण्याचे मी ठरवले आहे.