एमडीनंतर बस्तान कुठे: पुणे की मिरज?

पुण्यात एमडी मेडिसिन झालेल्याला पगारी नोकरी लगेच मिळते. स्वतःची ओपीडी मात्र जम बसेपर्यंत दम काढते. एकाच गल्लीत तीन फिजिशियन, गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट वेगळं, आणि पेशंट गूगलवरचे तारे मोजून येणार. शिकायला मात्र पुणंच. अवघड केस अडली तर त्याच संध्याकाळी सुपरस्पेशालिस्टचं मत मिळतं. जोडीदार आयटीत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

मिरजेला लोक लहान गाव समजतात, ते चूक. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून दवाखाना हाच गावाचा धंदा. सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रेल्वे जंक्शन आहे. कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचे पेशंट सकाळच्या गाडीने उतरतात, हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी, सोबत चार नातेवाईक. कानडी येत नसेल तर निदान ‘एल्लि नोवु?’ (कुठे दुखतं?) एवढं तरी शिकून घ्या. अर्धी हिस्टरी तिथेच हाती लागते. इथेही स्पर्धा आहे, आणि रेफरलच्या कमिशनची कुजबुजही. घर घेताना 2019 चा पूर आठवावा, कृष्णेकाठचा स्वस्त प्लॉट उगाच स्वस्त नसतो. दर्ग्याच्या उरुसातलं गाणं मात्र फुकट.

माझा कल मिरजेकडे. फक्त कार्डिओलॉजीचं डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करायचं डोक्यात असेल, तर आधी ते उरका.